इलेक्ट्रिक कारवरच्या सरकारी सवलती: कुठली कुठल्या कागदावर मिळते आणि कुठे हातची जाते

मेव्हण्याबरोबर एका शोरूममध्ये बसलो होतो. कोटेशनच्या तळाशी सेल्समनने पेनाने एक ओळ वाढवली: "शासकीय अनुदान वजा". आकड्याच्या डोक्यावर एक बारीक फुली काढली. फुलीचा खुलासा कागदावर कुठेच नव्हता. विचारलं तर म्हणाला, "ते नंतर तुमच्या खात्यात येईल, सर." कोण देणार, कधी देणार, अर्ज कोणी करायचा? यावर त्याने चहा मागवला.

असे कागद घेऊन लोक वर्षभर विचारत असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. हे महाराष्ट्रात नोंदवल्या जाणाऱ्या चारचाकी इलेक्ट्रिक गाडीबद्दल आहे. दुचाकी आणि रिक्षाचे नियम वेगळे आहेत, ते इथे आणून मिसळू नका. निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

टप्पा १: "सबसिडी" हा एक शब्द मोडून पाच करा

कोऱ्या कागदावर पाच ओळी आखा: जीएसटी, मोटार वाहन कर, थेट अनुदान, टोल, आयकर. प्रत्येक ओळीचा देणारा वेगळा, तारीख वेगळी आणि पुरावाही वेगळा. शोरूममध्ये या पाचांची एकत्र खिचडी करून एक गोल आकडा सांगितला जातो, आणि तिथेच माणूस फसतो.

जीएसटी: इलेक्ट्रिक गाडीवर ५ टक्के, १ ऑगस्ट २०१९ पासून. त्याआधी १२ टक्के होता. यासाठी काहीही करावं लागत नाही, तो किमतीतच धरलेला असतो. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या लहान गाड्यांचा दर १८ टक्क्यांवर आला आणि मोठ्या गाड्यांचा ४० टक्के झाला. म्हणजे लहान गाडीच्या बाबतीत इलेक्ट्रिकला मिळणारा फायदा पूर्वीपेक्षा बराच आक्रसला आहे. २०२४ मधला एखादा तुलनेचा तक्ता कोणी पुढे केला तर तो बाजूला ठेवा.

मोटार वाहन कर: राज्याचा. महाराष्ट्रात विकल्या आणि नोंदवल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक कारला तो माफ आहे. खरी मोठी रक्कम इथे वाचते. पेट्रोल कारला किमतीनुसार ११, १२ किंवा १३ टक्के लागतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव होता, तो त्याच अधिवेशनात मागे घेतला गेला. तरीही महागड्या गाडीच्या कोटेशनमध्ये हे ६ टक्के कुणी घातलेले दिसले तर दचकू नका, काढायला लावा.

थेट अनुदान: खरा घोळ इथे आहे. केंद्राची 'फेम-२' योजना १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२४ चालली, पण त्यात कारचं अनुदान व्यावसायिक वापराच्या गाड्यांनाच होतं. घरच्या वापराची कार त्यात कधीच बसत नव्हती. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या 'पीएम ई-ड्राइव्ह'मध्ये दुचाकी, तीनचाकी, रुग्णवाहिका, ट्रक, बस आहेत, कार नाही. त्यामुळे "केंद्राची सबसिडी" हे शब्द खाजगी कारच्या संदर्भात ऐकू आले की समजा, समोरच्याला तरी माहीत नाही किंवा तो तुम्हाला माहीत नाही असं धरून चालला आहे.

राज्याचं धोरण वेगळं. २०२५ च्या महाराष्ट्र इलेक्ट्रिक वाहन धोरणाचा शासन निर्णय २३ मे २०२५ चा, मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आणि तरतूद १,९९३ कोटींची. त्यात खाजगी कारला मूळ किमतीच्या १० टक्के आणि प्रवासी वाहतुकीच्या कारला १५ टक्के अनुदान आहे, तेही कमाल मर्यादेत आणि ठरलेल्या संख्येच्या गाड्यांपुरतं. संख्या संपली की अनुदान संपलं, धोरण चालू असलं तरी.

टोल आणि आयकराचं पुढे बघू.

> तपासा: कंपनीचा एक्स्चेंज बोनस, दिवाळी डिस्काउंट, जुना स्टॉक काढण्याची सूट यातलं काहीही सरकारी नाही. ते वेगळ्या कागदावर लिहा. त्यावर घासाघीस होते, सरकारी सवलतीवर होत नाही.

टप्पा २: गाडी कुणाच्या नावावर आणि कशासाठी, हे बुकिंगच्या आधी ठरवा

बुकिंगच्या पावतीवर जे नाव पडतं तेच पुढे इनव्हॉइसवर, आरसीवर, कर्जावर आणि आयकराच्या नोंदीत जातं. मधेच बदलायला गेलात की सगळे कागद पुन्हा. आपल्याकडे सवयीने "वडिलांच्या नावावर घेऊ" किंवा "बायकोच्या नावावर शुभ" असं होतं. हरकत काहीच नाही, फक्त त्याचे परिणाम आधी माहीत हवेत.

गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली की विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ आयकर, वसूल करतो. तो गाडी घेणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो. निवृत्त वडिलांच्या नावावर गाडी घेतली आणि ते विवरणपत्रच भरत नसतील, तर हे पैसे परत मागायला त्यांना विवरणपत्र भरावं लागेल. १४ लाखांच्या गाडीवर १४,००० रुपये. कितीतरी लोक याला कर समजून सोडून देतात.

धंद्यासाठी घेत असाल तर हिशेबच वेगळा. इलेक्ट्रिक वाहनावर घसारा, म्हणजे गाडीची किंमत दरवर्षी झिजते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट, ४० टक्के मिळतो, साध्या कारवर १५. पण गाडी धंद्याच्या नावावर, धंद्यात वापरात हवी, आणि त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा. म्हणजे "मार्च एंडला घेऊन टाकू" म्हणणाऱ्याला त्या वर्षी ४० नाही, २० टक्केच मिळतात. भरलेल्या जीएसटीचा परतावा मात्र सहसा मिळत नाही. प्रवासी वाहतुकीसारखा ठरावीक धंदा असला तरच तो मिळतो.

टुरिस्ट म्हणून चालवायची असेल तर ते पहिल्या दिवशीच सांगा. पिवळ्या अक्षरांची हिरवी पाटी, वेगळा विमा, वेगळं अनुदान. बॅटरीवरच्या वाहतूक वाहनांना परमिटची गरज केंद्राने २०१८ मध्येच काढली आहे. खाजगी म्हणून स्वस्तात नोंदवून नंतर ॲपवर भाडी मारायची हा शहाणपणा अपघाताच्या दिवशी अंगलट येतो, कारण विमा कंपनी पहिल्यांदा तेच बघते.

टप्पा ३: कोटेशन वाचायला शिका

समजा गाडीची एक्स-शोरूम किंमत १४ लाख आहे. कोटेशन असं दिसायला हवं:

- एक्स-शोरूम १४,००,०००. यातच ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे सुमारे ६६,७०० रुपये. वेगळा लागत नाही.
- मोटार वाहन कर: शून्य. याच किमतीच्या पेट्रोल कारला १२ टक्क्यांनी १,६८,००० पडले असते.
- टीसीएस १४,०००, परत मिळण्याजोगा.
- विमा: स्वतंत्र ओळ, किमान दोन कंपन्यांचे दर.
- फास्टॅग आणि कर्ज असेल तर बोजा नोंदणीचं शुल्क.

यापलीकडे "हँडलिंग", "लॉजिस्टिक", "ईव्ही किट" असलं काही दिसलं तर पेन काढा आणि ओळ खोडा. नोंदणीचीही मोठी रक्कम दिसली तर विचारा. बॅटरीच्या वाहनांना नोंदणी प्रमाणपत्र देण्याचं आणि नूतनीकरणाचं शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये माफ केलं आहे.

आता अनुदानाची ओळ. ती दोनच प्रकारे खरी असू शकते. एक, इनव्हॉइसमध्येच वजा होऊन तुम्ही कमी पैसे भरणार. दोन, तुम्ही पूर्ण पैसे भरणार आणि मागाहून रक्कम येणार. दुसरा प्रकार असेल तर विक्रेत्याच्या लेटरहेडवर तीन वाक्यं मागा: हे मॉडेल राज्याच्या योजनेत मंजूर आहे का, दावा कोण दाखल करणार, आणि दावा फेटाळला गेला तर फरक कुणाच्या डोक्यावर. तिसऱ्या वाक्याला नकार आला तर ती ओळ हिशेबातून काढा आणि उरलेल्या किमतीत गाडी परवडते का ते बघा.

मेव्हण्याच्या वेळी आम्ही हेच केलं. लेटरहेडवर काही लिहून मिळालं नाही, पण डिस्काउंट मात्र दहा मिनिटांत वाढला.

> सावधान: अनुदान आलं तर बोनस. येणार म्हणून बजेट ताणून वरचं व्हेरियंट घेणं म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

बॅटरी भाड्याने घेण्याची योजना असेल तर आणखी एक गोष्ट. जाहिरातीतली किंमत बॅटरीविना असते आणि किलोमीटरमागे भाडं वेगळं. अनुदान, विम्याची रक्कम आणि टीसीएस कुठल्या किमतीवर धरले, बॅटरीविना की बॅटरीसह, हे लेखी घ्या. महिन्याला किमान किती किलोमीटरचं भाडं लागणारच, हेही. गाडी महिनाभर उभी राहिली तरी तेवढं भरावं लागतं.

टप्पा ४: कर्ज

इथे थोडक्यात. अनुदान मागाहून येणार असेल तर तोवर त्या रकमेवर व्याज तुम्हीच भरता. ९ टक्के दराने, पाच वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाचा हप्ता साधारण २,०७६ रुपये, आणि एकूण व्याज २४ हजारांच्या वर. म्हणून अनुदान हाती आलं की कर्जात भरता येईल का आणि त्याला दंड किती, हे मंजुरीपत्रातच वाचा. कर्ज स्थिर दराचं असेल तर दंड लागू शकतो.

बऱ्याच बँका 'ग्रीन कार लोन' नावाने दरात थोडी सूट देतात. शोरूमच्या टेबलावर बसलेला बँकेचा माणूस ती आपणहून सांगेलच असं नाही. स्वतःच्या बँकेच्या शाखेत जाऊन एक दर लिहून आणा, मग बोला.

आणि हो, "कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत" हे अजूनही सर्रास सांगितलं जातं. त्याचा समाचार टप्पा ८ मध्ये.

टप्पा ५: इनव्हॉइस, विमा, नोंदणी. क्रम हाच

आधी टॅक्स इनव्हॉइस, मग विमा, मग आरटीओ, मग पाट्या, आणि शेवटी पेढे. मुहूर्ताच्या घाईत हा क्रम उलटा होतो. गाडी आधी दारात येते आणि नंबर मागाहून. असं करू नका.

इनव्हॉइस हातात आल्यावर पाच मिनिटं घ्या. नाव पॅनवर आहे तसं, चासी क्रमांक आणि मोटर क्रमांक गाडीवर आहेत तसे, व्हेरियंटचं नाव पूर्ण, आणि अनुदान किंवा सूट वजा केली असेल तर ती स्वतंत्र ओळीत. सरसकट एकच कमी केलेला आकडा नको. पुढे दाव्याच्या वेळी सरकारी अनुदान कुठलं आणि दुकानाची सूट कुठली हे कळायला मार्ग राहत नाही.

विम्यात लोक एक हमखास चूक करतात: किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांची गल्लत. थर्ड पार्टी विम्याचा दर मोटरच्या ताकदीवर, म्हणजे किलोवॉटवर ठरतो. बॅटरीच्या क्षमतेचा, म्हणजे किलोवॉट-तासांचा त्याच्याशी संबंध नाही. २०२२ च्या अधिसूचनेनुसार नव्या खाजगी इलेक्ट्रिक कारचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता ३० किलोवॉटपर्यंत ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॉट ९,०४४ रुपये आणि ६५ च्या वर २०,९०७ रुपये. हे दर पेट्रोल कारपेक्षा १५ टक्के कमीच ठेवलेले आहेत, त्यावर वेगळी "ईव्ही सूट" नसते. मोटर ६० किलोवॉटची असताना पॉलिसीत तिसरा गट लागलेला दिसला तर लगेच दुरुस्त करून घ्या. फरक जवळजवळ बारा हजारांचा आहे.

विम्याची घोषित किंमत बॅटरीसह धरलेली आहे ना, हे बघा. 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे वाढीव विमा कवच घेत असाल तर लक्षात ठेवा, चोरी किंवा पूर्ण नुकसान झालं तर परतावा इनव्हॉइसवरच्या रकमेच्या हिशेबाने मिळतो.

आरटीओचं काम विक्रेताच करतो. नमुना २० चा अर्ज, नमुना २१ चं विक्री प्रमाणपत्र, नमुना २२ चं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा. तुमचं काम एकच: नोंदणीनंतर परिवाहनच्या पोर्टलवर स्वतःच्या गाडीची माहिती उघडून इंधनाच्या रकान्यात काय आहे ते बघणं. तिथे इलेक्ट्रिक ऐवजी दुसरं काही पडलं असेल तर कर, टोल, सगळीकडे अडेल. त्या एका रकान्यावर पुढची सगळी यंत्रणा चालते.

> तपासा: पाटी हिरवी, अक्षरं पांढरी. खाजगी कारला पिवळी अक्षरं आली असतील तर ती गाडी व्यावसायिक म्हणून नोंदली गेली आहे.

बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी एक खास सूचना. बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी तोच राहणारा नंबर घेण्याची हौस असते. पण त्या मालिकेचा कर केंद्राच्या दरपत्रकाने लागतो आणि त्यात इलेक्ट्रिक गाडीला २ टक्के कमी दर आहे, शून्य नाही. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ८, २० लाखांपर्यंत १० आणि त्यावर १२ टक्के, त्यातून २ वजा, आणि भरणा दोन-दोन वर्षांचा. साध्या 'एमएच' नोंदणीत जो कर माफ होता तो असा स्वतःच्या हाताने ओढवून घेतला जातो. बदली खरंच दोन-तीन वर्षांत होणार असेल तरच त्याचा विचार करा.

टप्पा ६: फास्टॅग आधी, टोलमाफी मग

गाडी वापरणाऱ्याला रोज जाणवणारी सवलत हीच. ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रिक कार आणि बसना अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग या तिन्हींवर टोलमाफी जाहीर झाली. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. द्रुतगती मार्गावर कारचा एकेरी टोल ३२० रुपये आणि अटल सेतूवर २५०. महिन्यातून दोनदा पुण्याहून मुंबईला जाऊन येणाऱ्याचे द्रुतगती मार्गावरच वर्षाला १५,३६० रुपये वाचतात. कर एकदाच माफ होतो, टोल दर फेरीला.

पण माफी जाहीर होणं वेगळं आणि नाक्यावरच्या यंत्राला ती कळणं वेगळं. सुरुवातीच्या महिन्यांत कित्येकांचे पैसे कापले गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात हा विषय विधानसभेत निघाला.

माझी स्वतःची गाडी घेतली तेव्हा पहिल्याच फेरीत नाका ओलांडून शंभर मीटर गेलो नसेन, तोच मोबाइल वाजला. ३२० रुपये वजा. मनातल्या मनात सरकारला चार शब्द ऐकवले. घरी येऊन टॅगचं खातं उघडलं तर गाडी क्रमांकाच्या जागी चासी क्रमांक! डिलिव्हरीच्या वेळी नंबर आलेला नव्हता, म्हणून टॅग चासीवर निघाला होता, आणि नंबर आल्यावर तो चढवायचं मी विसरलो होतो. यंत्राच्या दृष्टीने माझी गाडी निव्वळ एक अनोळखी कार होती.

म्हणून क्रम असा:

१. नंबर हाती आल्याबरोबर आरसीची प्रत टॅग देणाऱ्या बँकेकडे चढवा. खात्यात गाडी क्रमांक दिसेपर्यंत लांबचा प्रवास ठरवू नका.

२. जुन्या गाडीचा टॅग काढून नव्या काचेवर चिकटवणं बंद करा. एका गाडीला एकच टॅग, आणि तो त्याच गाडीचा.

३. पहिली फेरी झाल्यावर खात्याचं विवरण बघा. नुसत्या मेसेजवर विसंबू नका.

४. पैसे कापले गेले असतील तर नाक्यावर गाडी आडवी लावून वाद घालू नका. मागच्यांचे हॉर्न ऐकण्यापलीकडे काही पदरात पडत नाही. घरी येऊन व्यवहाराची तारीख, वेळ, नाक्याचं नाव, आरसीची प्रत आणि हिरव्या पाटीचा फोटो जोडून बँकेकडे तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

५. टॅगमध्ये शिल्लक ठेवाच. माफी आहे म्हणून खातं कोरडं ठेवलं आणि टॅग काळ्या यादीत गेला, की पुढच्या नाक्यावर दंडासकट भरावं लागतं.

> सावधान: ही माफी राज्याच्या ठरावीक रस्त्यांवर आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या नाक्यांवर, उदाहरणार्थ पुण्याहून साताऱ्याला जाताना खेड शिवापूरला, इलेक्ट्रिक कारलाही टोल पडतो. तिकडे वारंवार जाणं असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष यातलं जे आधी संपेल तोवरचा, वेगळा घ्यावा लागेल. आणि मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरची माफी ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या वाहनांना आहे. ती इलेक्ट्रिकच्या फायद्यात मोजू नका.

टप्पा ७: रोजच्या खर्चाचा ताळा

सवलतींच्या नादात विसरली जाणारी गोष्ट म्हणजे गाडीवर जीएसटी ५ टक्के असला तरी सार्वजनिक चार्जिंगच्या सेवेवर तो १८ टक्के आहे. घरच्या विजेवर जीएसटी नाही. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून जोडणी मिळते की नाही, याचा तुमच्या खिशावर होणारा परिणाम कित्येकदा अनुदानापेक्षा मोठा असतो. जोडणीचं पत्र सोसायटीकडून बुकिंगच्या आधी मागा. गाडी दारात उभी राहिल्यावर सेक्रेटरींचा सूर बदलतो, हा अनुभव आहे. वायरमनकडून मंजूर भार आणि अर्थिंग तपासून घ्या. घरातला एसी, गिझर आणि गाडी एकाच वेळी चालू केल्यावर काय होतं ते आधी कळलेलं बरं.

चार्जिंग फक्त बाहेरच करणार असाल तर किलोमीटरचा खर्च नव्याने मांडा. कधीकधी सीएनजीच्या गाडीशी तो फार लांब राहत नाही.

टप्पा ८: आयकर, दोनच गोष्टी

पहिली, जी मिळत नाही. कलम ८०ईईबी. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाची वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट. यात अट कर्ज मंजुरीच्या तारखेची आहे: १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३. त्यानंतर मंजूर झालेल्या कर्जाला ती नाही. गाडी कधी घेतली, हप्ते कधी सुरू झाले याला अर्थ नाही, मंजुरीपत्रावरची तारीख बघतात. ज्यांचं कर्ज त्या मुदतीतलं आहे त्यांनाही ती जुन्या करपद्धतीतच मिळते आणि फक्त व्यक्तीला, कंपनीला किंवा एकत्र कुटुंबाला नाही. शिवाय ती उत्पन्नातली वजावट. "दीड लाख कर वाचतो" हे कधीच खरं नव्हतं, ती मुदत चालू असतानाही.

दुसरी, जी मिळते आणि लोक घेत नाहीत. टप्पा २ मधला टीसीएस. विवरणपत्र भरण्याआधी फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडा. गाडीविक्रेत्याच्या नावाने रक्कम दिसली पाहिजे. दिसत नसेल तर विक्रेत्याने भरलेली नाही किंवा पॅन चुकला आहे. इनव्हॉइस घेऊन आधी त्याच्याकडेच जा, आणि विवरणपत्राची मुदत संपायच्या आत जा.

टप्पा ९: गाडी विकताना किंवा राज्य सोडताना

पुनर्विक्रीचा दर अनुदानाने खाली येतो, हे गृहीत धरा. नवी गाडी लाखभर स्वस्तात मिळत असेल तर जुनीचं गिऱ्हाईक तुमच्या मूळ इनव्हॉइसचा आकडा ऐकून घेणार नाही. ते आजच्या निव्वळ किमतीपासून मोजायला सुरुवात करतं. काही कंपन्यांची "आजीवन" बॅटरी वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते आणि दुसऱ्या मालकाला मुदत आणि किलोमीटर लागू होतात. ते वॉरंटी पुस्तिकेचं पान खरेदीदाराला आधीच दाखवा, नंतरची भांडणं वाचतात.

मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३०. त्याच दिवशी तुमचा फास्टॅग बंद करा. नवा मालक तुमच्याच टॅगवर फिरत राहिला तर त्याचे टोल तुमच्या खात्यातून जातात.

राज्य बदलत असाल तर नमुना २८ ची एनओसी घ्या आणि तिथे नमुना २७ भरून नवा नंबर. महाराष्ट्राची करमाफी हद्दीपाशी थांबते, पलीकडे त्या राज्याचा नियम लागतो. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के आजीवन कर लावला. कोल्हापुरातून बदली होऊन बेळगावला जाणाऱ्याने महागडी गाडी सोबत न्यायची की इथेच विकायची, हे सामान बांधायच्या आधी ठरवावं. उलट बाजूनेही तसंच: शेजारच्या राज्यात डिस्काउंट जास्त मिळतो म्हणून तिकडून गाडी आणलीत, तर "महाराष्ट्रात विकलेली आणि नोंदवलेली" या अटीतला 'विकलेली' हा शब्दच गळतो.

एनओसी काढताना कर्जाचा बोजा उतरलेला हवा किंवा बँकेचं संमतीपत्र हवं. ते यायला वेळ लागतो. बदलीचा हुकूम हातात पडला त्याच आठवड्यात बँकेला अर्ज द्या.